एका तिकिटाची गोष्ट

मला घोड्यांच्या शर्यतींचा नाद आहे असं कुणाला सांगितलं, की दोनच प्रकारचे चेहरे समोर येतात. शाळेतले सहकारी डोळा मिचकावून विचारायचे, "काय सर, या रविवारी लागली का?" मशिदीतले दोस्त खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "मियाँ, आता तरी तौबा करा." दोघांनाही मी एकच उत्तर देत आलो. लहानपणापासून रेस पाहतोय, आणि आयुष्यात तिकीट काढलं ते एकदाच. पहिल्याला ही थाप वाटते आणि दुसऱ्याला पळवाट. आता शाळेतून निवृत्त झालोय, हाताशी वेळ आहे, तेव्हा त्या एका तिकिटाचा हिशेब एकदा मांडून टाकावा म्हणतो.

आमचं घराणं नालबंदांचं. आजोबा सातारा जिल्ह्यातून पुण्याच्या कॅम्पात आले ते फौजेच्या घोड्यांना नाला ठोकायला. अब्बा पुढे रेसच्या घोड्यांकडे वळले. घर वानवडीला. पावसाळ्यात रेस पुण्यात, थंडीत मुंबईला, त्यामुळे अब्बांचं वर्षही तसंच दुभंगलेलं. नोव्हेंबर लागला की घोडे ट्रकमध्ये चढायचे आणि त्यांच्यामागोमाग अब्बांची पेटी महालक्ष्मीला जायची. घोडे परत आले की अब्बा परत यायचे. अम्मी म्हणायची, "तुमच्या अब्बांची बदली घोडे करतात."

पुण्यात असले की ते फजरची नमाज पढून मला सायकलवर पुढे बसवून पागेत न्यायचे. दव पडलेलं असायचं. मैदानावर घोडे दिसण्याआधी टापा ऐकू यायच्या. अब्बा सायकल थांबवून कान द्यायचे आणि म्हणायचे, "तिसरा घोडा उजवा पुढचा पाय राखून टाकतोय." थोड्या वेळाने तिसरा घोडा समोरून जायचा. मला काहीच दिसायचं नाही. पण दुपारी त्याच घोड्याचा उजवा पुढचा खूर अब्बांच्या मांडीवर असायचा.

नाल ठोकणं म्हणजे लोखंड बडवणं, असं लोकांना वाटतं. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला वेदना नसते. पण तिच्या आत जिवंत मांस असतं. खिळा किंचित आत गेला, की लाखमोलाचा घोडा लंगडतो. रोजच्या फिरवण्याला लोखंडी नाल, आणि शर्यतीला ॲल्युमिनियमची, वजनाला हलकी. ही पातळ नाल धावताना मागच्या पायाचा किंवा शेजारच्या घोड्याचा पाय पडला तर वाकते, कधी उचकटून निघते. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने पळतं, तेव्हा त्याचा सगळा भार त्या तळहाताएवढ्या पट्टीवर असतो. अब्बा म्हणायचे, "जॉकी वरून घोडा सांभाळतो, मी खालून."

म्हणून मी रेसकडे पाहायला शिकलो ते खालून वर. आधी खूर, मग पाय, मग पाठ, आणि सर्वांत शेवटी पाठीवरचा माणूस. तिकीट काढणारे भावाच्या फळीकडून सुरुवात करतात. माझी जॉकींविषयीची मतं इतरांहून वेगळी असतील, तर त्याचं कारण हे आहे.

जॉकी घोड्यावर बसतो हा पहिला गैरसमज. रेस सुरू झाली की तो बसतच नाही. आखूड रिकिबीत पायाची बोटं टेकवून, गुडघे मुडपून, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन तो तोल धरतो. डर्बी 2400 मीटरची असते. अडीच मिनिटांच्या आसपासचा तो सगळा वेळ माणूस जवळजवळ हवेत असतो. घरी गुडघे वाकवून तसं एक मिनिट उभं राहून पाहा, पोटऱ्या उत्तर देतील. त्यात हातात लगाम, पुढच्या घोड्यांनी उडवलेला चिखल डोळ्यावर, दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दुसरे घोडे आणि मागून घोड्यांबरोबर धावणारी रुग्णवाहिका. ज्या धंद्यात रुग्णवाहिका रोज कामगाराच्या मागे पळते, तो धंदा किती बिनभरवशाचा ते सांगायला नको. 1979 साली कार्ल उम्रीगर हा ऐन उमेदीतला पारशी जॉकी महालक्ष्मीच्या मैदानावर पडला आणि त्यातच गेला. अब्बा तेव्हा मुंबईत होते. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की त्या दिवसापासून मोतद्दार जॉकीला घोड्यावर चढवताना बिस्मिल्ला म्हणायला लागलेत, हिंदू मोतद्दारसुद्धा.

दुसरा गैरसमज चाबकाचा. शेवटच्या दोनशे मीटरला जो जास्त चाबूक उडवतो तो जास्त मेहनती, असं स्टँडमधल्या बहुतेकांना वाटतं. माझं मत उलट आहे. घोड्यात एकच जोरदार धाव असते आणि ती कधी मागायची हे ठरवणं हीच जॉकीची अक्कल. घड्याळ त्याच्या डोक्यात चालावं लागतं. लवकर मागितली तर घोडा खांबाआधी संपतो, उशिरा मागितली तर खांब आधी येतो. पेसी श्रॉफ मला आवडायचा तो यासाठी. जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकलेला हा माणूस वळणावर पाहिला तर काहीच करत नाही असं वाटायचं. हात शांत, पाठ सपाट. शेजारचे हातपाय झाडायला लागायचे आणि हा तसाच. मग फट दिसली की घोडा तिच्यात शिरलेला असायचा. पुढे तो ट्रेनर झाला आणि तिथेही अव्वल ठरला, याचं मला नवल वाटलं नाही.

अस्लम कादरचं नाव आमच्या गल्लीत थोडं जास्तच अभिमानाने घेतलं जायचं, हे कबूल करतो. 'अपना लडका' म्हणायचे सगळे. अब्बांना ते आवडायचं नाही. "घोड्याला जॉकीचं नाव कळत नाही, हात कळतो," असं ते म्हणायचे. आणि खरंच, मालक गुजराती, ट्रेनर पारशी, जॉकी राजस्थानातून आलेला, मोतद्दार आमच्या गावाकडचा मराठा आणि नालबंद मुसलमान, अशी एका घोड्याभोवतीची जमात मी डोळ्यांनी पाहिली आहे. अब्बांच्या आधीची पिढी पांडू खाडेंच्या गोष्टी सांगायची. आमच्या काळात मालेश नरेडू झाला. आता सूरज नरेडू, ट्रेव्हर, संदेश यांना मी पाहतो. प्रत्येकाचा हात वेगळा. अक्षरावरून विद्यार्थी ओळखावा, तसा लांबून पाठ पाहून जॉकी ओळखता येतो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती गैरसमजाची नाही, न बोलण्याची आहे. घोड्याने किती वजन वाहायचं ते आधी ठरलेलं असतं. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो. कमी भरला तर शिशाचे तुकडे घालतात. जास्त भरला तर? शिसं घालता येतं, हाडं काढता येत नाहीत. लेस्टर पिगॉट इंग्लंडचा, अठराव्या वर्षी 1954 मध्ये एप्समची डर्बी जिंकला आणि एकूण नऊ वेळा जिंकला. पण जॉकीच्या मानाने तो उंच होता आणि सगळं आयुष्य त्याने शरीराला त्याचं हक्काचं वजन मिळू दिलं नाही. रोजे आपण तीस दिवस ठेवतो आणि संध्याकाळी खजूर वाट पाहत असतो. या पोरांची मगरीब कधी होतच नाही, असं मला वाटायचं.

कारण एक पोर मी जवळून पाहिलं होतं. शेजारच्या खालांचा मुलगा. माझ्याहून वर्षभराने लहान, अंगाने काटकुळा. बाप लवकर गेला. अब्बांनीच त्याला पागेत नेलं. आधी लीद काढणं, मग सकाळी घोडे फिरवणं, मग शिकाऊ जॉकी. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते आणि जिंकलेल्या शर्यती वाढतील तशी ती कमी होत जाते, म्हणून सुरुवातीला अशा पोरांना घोडे मिळतात. खाला ईदला शीरखुर्म्याचा वाडगा त्याच्यासमोर ठेवायच्या. तो दोन चमचे घ्यायचा आणि उरलेला माझ्याकडे सरकवायचा. मी तो संपवायचो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

आता ते तिकीट. साल 1985, ऑगस्ट महिना, पुण्याचं मैदान. मी कॉलेजात होतो. शिकवणीचे थोडे पैसे खिशात होते. बाराशे मीटरची शर्यत होती आणि त्याला आमच्याच पागेतला एक चांगला घोडा मिळाला होता. घोड्याच्या नाला अब्बांनी ठोकल्या होत्या. घोडा किती तयार आहे हे घरात जेवताना मी ऐकलं होतं. मनाला समजावलं, की हा जुगार नव्हे, दोस्ताची पाठराखण आहे. दहा रुपयांचं तिकीट काढलं आणि शर्टाच्या खिशात लपवलं.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला घोडा दिसला नाही. फक्त आकडा दिसत होता. टापा ऐकू आल्या नाहीत. वळण संपलं तेव्हा आमचा आकडा पुढे होता आणि मी इतरांसारखा ओरडत होतो. मग शेवटचे दोनशे मीटर उरले असताना त्याने हात थांबवले. बघता बघता घोडा मागे पडला. एक गेला, दुसरा गेला, चार गेले. स्टँडमधून आरोळी उठली, "खींचा! चोर है साला!" त्या आरोळीत माझाही आवाज होता. मी काय बोललो ते इथे लिहिणार नाही. त्याच्या आईचं नाव त्यात होतं. जिच्या हातचा शीरखुर्मा मी वर्षानुवर्षं संपवला, तिचं. घोडा खांब ओलांडून हळूहळू आमच्या कुंपणासमोरून गेला. तो मान खाली घालून घोड्याच्या पुढच्या पायाकडे पाहत होता.

रात्री अब्बा उशिरा आले. हातपाय धुऊन बसले आणि खिशातून काहीतरी काढून दिव्याखाली ठेवलं. ॲल्युमिनियमची नाल. अर्धी वाकून वर आलेली, एक खिळा आडवा झालेला. वळणावर मागून दुसऱ्या घोड्याचा पाय पडला होता. तोच खिळा तळव्यात शिरत होता. "पोराला पाचव्या-सहाव्या उडीत कळलं," अब्बा अम्मीला सांगत होते. "आणखी शंभर पावलं रेटला असता तर पाय गेला असता. मग गोळीच." चौकशी झाली, पशुवैद्याने खूर पाहिला, पोराला दोष लागला नाही. अब्बा मात्र ती नाल हातात फिरवत बसले. म्हणाले, "खिळा माझा होता. जरा आणखी खाली वळवला असता तर कदाचित टिकला असता." नाल दुसऱ्याच्या टापेखाली गेली, त्यात अब्बांची चूक नव्हती. तरी त्यांनी स्वतःला हिशेबात धरलं. आणि मी, ज्याची चूक होती, खिशातल्या तिकिटावर हात ठेवून गप्प बसलो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्याचे पैसे लागलेत, त्याला जॉकी दिसत नाही. घोडा ओढणारे जॉकी नसतातच, असं मी म्हणत नाही. असतात, पकडले जातात, त्यांच्यावर बंदी येते, आणि यायलाच हवी. पण हरलेल्या प्रत्येक तिकिटामागे चोर शोधायची सवय ही हरलेल्याची गरज असते. आपली चूक दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायला शर्यतीच्या मैदानासारखी जागा नाही. ती पाठ आयती ओणवी असते.

दीनाच्या बाजूने विचाराल तर मी आलिम नाही, ऐकलेलं सांगतो. मदिनेत हुजूरांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर आणि न तयार केलेल्यांना जवळचं. हजरत इब्न उमर स्वतः त्यात धावले होते. म्हणजे शर्यत पाक आहे, जुगार हराम आहे, आणि आपली पंचाईत अशी की आपल्या शहरात दोन्ही एकाच दरवाजातून आत जातात. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तेव्हा रेसवाले खूश झाले. मीही झालो, पण वेगळ्या कारणाने. कौशल्य आहे हे कुणीतरी लिहून दिलं. मात्र ते कौशल्य घोड्याचं, जॉकीचं, ट्रेनरचं, मोतद्दाराचं. तिकीट काढणाऱ्याचं कौशल्य मला तरी 1985 मध्ये दिसलं नाही.

हा पेच अब्बांना आमच्याहून जास्त छळायचा. हजचे पैसे साठले तेव्हा ते एका मौलानांकडे गेले. विचारलं, "जिथे जुगार चालतो तिथली ही कमाई. यातून हज होईल?" मौलानांनी त्यांचे हात पाहिले, म्हणे. म्हणाले, "जनावराच्या पायाला आराम देण्याची मजुरी आहे. मेहनतीची आहे." अब्बा परत आले, पण त्यांचं समाधान अर्धंच झालं होतं. घोडा जिंकला की मालक बक्षिशी वाटायचे, ती त्यांनी सगळी वहीत मांडली, तेवढी रक्कम हजच्या पैशांतून बाजूला काढली आणि पागेतल्या एका जखमी मोतद्दाराच्या घरी देऊन आले. त्यामुळे हज तीन वर्षं लांबला. कुणी म्हणेल, इतकी काटेकोरी कशाला? मला ती वही आठवते आणि माझं दहा रुपयांचं तिकीट आठवतं.

खालांचा मुलगा पुढे फार काळ जॉकी राहिला नाही. विशीनंतर शरीराने बंड केलं, वजन उतरेना. मग तो सकाळी घोडे फिरवण्यापुरता उरला आणि नव्वदच्या दशकात दुबईला गेला, तिथल्या पागेत कामाला. 1996 मध्ये तिथे दुबई वर्ल्ड कप सुरू झाला. त्याने फोन करून सांगितलं, "इथे रेस आहे, पण तिकिटाची खिडकीच नाही. जुगाराला बंदी आहे. लोक नुसते घोडे बघायला येतात!" मला इतका आनंद झाला, की शाळेत दोन-चार जणांना मी ते सांगत सुटलो. पण तोच नंतर एकदा म्हणाला, की फार भुलू नकोस. उंटांच्या शर्यतीत आपल्याकडची, बांगलादेशची, पाकिस्तानची चार-पाच वर्षांची लेकरं पाठीवर बांधून पळवतात. 2005 मध्ये कायद्याने ते थांबलं आणि उंटांवर यंत्रं बसवली गेली. तेव्हा मला कळलं, की जुगार काढून टाकला म्हणजे सगळं पाक होतं असं नाही. पाठीवर बसलेला जीव दिसणं, ही वेगळी गोष्ट आहे. ती तिकिटामुळे बुजते, आणि तिकीट नसतानाही बुजू शकते.

आता अब्बा नाहीत. महालक्ष्मीचं 1883 पासूनचं मैदानही आधीचं राहिलं नाही. 2024 मध्ये त्यातली 120 एकर जागा उद्यानासाठी द्यायचं ठरलं आणि उरलेल्या जागेवर रेस राहिली. शहराला मोकळी जागा हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्या चर्चेत मालकांविषयी, जागेच्या किमतीविषयी, कराविषयी बोललं गेलं. 2020 मध्ये करोनाने रेस बंद पडली, तेव्हा घोड्यांना रोज चारा घालणारे मोतद्दार, नालबंद, फिरवणारी पोरं कशी जगली, याविषयी फार थोडं.

तो आता दुबईहून कायमचा परत आलाय. दोघांचीही नातवंडं आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही पुण्याच्या मैदानावर गेलो. मी सवयीने घोड्यांच्या पायांकडे पाहत होतो, तो जॉकींच्या हातांकडे. एक शिकाऊ पोर फेवरिट घोड्यावर हरलं आणि स्टँडमधून तीच जुनी आरोळी उठली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तोच म्हणाला, "त्या दिवशी तू कुंपणाला होतास."

इतक्या वर्षांनी. मी म्हणालो, "होतो."

"आवाज ओळखला होता मी. खिळा बघू की तुला बघू, असं झालं होतं."

मी माफी मागितली. चाळीस वर्षं उशिरा मागितलेली माफी, तिची किंमत किती ते अल्लाहला माहीत. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "अम्मीला नाही सांगितलं कधी." आणि पुढच्या शर्यतीचे घोडे मैदानात येऊ लागले तसा कुंपणाकडे वळला. आम्ही बघत उभे राहिलो. आमच्यापैकी कुणाच्याही खिशात तिकीट नव्हतं.